अर्जाच्या पावतीपासून क्षेत्रसभेपर्यंत

महिन्याचा पहिला सोमवार. महानगरपालिकेच्या मुख्य इमारतीत सभागृहाबाहेरच्या बाकांवर माणसे बसलेली असतात. कुणाजवळ कापडी पिशवी, कुणाच्या मांडीवर नाडी बांधलेली फाईल. फाईलमध्ये वर्षा-दीड वर्षाचे अर्ज, त्यांवर आवक विभागाचे गोल शिक्के आणि 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आला आहे' असे कळविणारी दोन-तीन पत्रे. बसलेल्यांत एखादे निवृत्त शिक्षक असतात, एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव असतात, स्वयंपाक आटोपून घाईघाईने आलेली एखादी गृहिणी असते. तो लोकशाही दिन असतो आणि त्या दिवशी आयुक्तांनी स्वतः नागरिकांची गाऱ्हाणी ऐकावीत, अशी शासनाची योजना आहे. योजनेचा हेतू चांगला आहे. तिच्यामुळे अनेकांची अडलेली कामे मार्गी लागली आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या दिवसाच्या नियमावलीत एक अट आहे. अर्ज विहित नमुन्यात असावा, मुदतीपूर्वी द्यावा, हे तर आहेच. परंतु तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी, असेही त्यात म्हटले आहे. घरपट्टीची चुकीची आकारणी झाली असेल, नळजोडणी अडली असेल, वारसनोंद होत नसेल, तर लोकशाही दिनाचे दार उघडे आहे. पण एका गल्लीतील शंभर घरांना पहाटे साडेतीन वाजता पाणी येते, पावसाळ्यात नाल्याचे पाणी दरवर्षी त्याच चार इमारतींच्या जिन्यांत शिरते, शाळेसमोरचा पदपथ दिसेनासा झाला आहे, ही कुणाची वैयक्तिक तक्रार? ती साऱ्या वस्तीची आहे. अटीचा शब्दशः अर्थ लावला, तर वस्तीची तक्रार लोकशाही दिनाच्या उंबरठ्यावरच अडखळते.

नागरिक आणि नगरशासन यांच्या नात्यात आज जे काही बिघडले आहे, त्याचे मूळ या लहानशा अटीत शोधता येते. एकट्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकण्याची व्यवस्था महाराष्ट्राने बऱ्यापैकी उभी केली. वस्तीचे म्हणणे ऐकण्याची व्यवस्था कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवली आणि पुस्तक मिटून टाकले.

एकेकट्याच्या खिडक्या

गेल्या पंचवीस वर्षांत नागरिकाच्या हाती काहीच पडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्राचा कायदा २००५ साली आला, त्यापूर्वीच २००२ साली महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता. २०१५ साली राज्याने लोकसेवा हक्क अधिनियम केला. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, तो देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, दिला नाही तर अपील कुणाकडे करायचे, हे त्या कायद्याने ठरवून दिले. दोन अपिलांनंतरही समाधान झाले नाही, तर राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. कारणाशिवाय विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता तर मोबाइलवरून खड्ड्याचे छायाचित्र पाठविण्याचीही सोय झाली आहे.

या साऱ्या खिडक्यांचे स्वरूप मात्र एकच आहे. खिडकीपुढे एका वेळी एकच माणूस उभा राहतो. त्याला क्रमांक मिळतो, पावती मिळते आणि काही दिवसांनी 'तक्रार निकाली काढण्यात आली' असा संदेश मिळतो. तक्रार निकाली निघते, खड्डा जागच्या जागी असतो. शेजारच्या इमारतीतील दुसऱ्या माणसाने तीच तक्रार केलेली असते, त्यालाही वेगळा क्रमांक मिळालेला असतो, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. शंभर माणसांची एक मागणी शंभर किरकोळ अर्जांत विभागली जाते. शासनाचे काम त्यामुळे सोपे होते; वस्तीचे बळ मात्र वाटून वाटून संपते.

पुण्यात २००६पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांब्यावरची शेड अशा पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांसाठी नागरिक अर्ज भरू शकतात. देशात फारशा शहरांनी न दाखविलेला हा पुढाकार पुणेकरांना भूषणावह आहे. परंतु तेथेही नागरिक घरी बसून अर्ज भरतो आणि क्षेत्रीय कार्यालय त्याची छाननी करते. आपल्या वस्तीला बाक अधिक हवेत की सार्वजनिक स्वच्छतागृह, यावर शेजाऱ्यांनी एकत्र बसून विचार करावा, हा टप्पा गळून जातो. वास्तविक सहभागाचा खरा अर्थ त्या एकत्र बसण्यात आहे.

कायद्यातील सभा

राज्यघटनेच्या ७३व्या आणि ७४व्या दुरुस्त्या १९९२ साली संसदेने एकाच वेळी संमत केल्या. पहिली गावांसाठी, दुसरी शहरांसाठी. पहिलीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. ग्रामसभा अनेक गावांत नावापुरती भरते, कोरमअभावी तहकूब होते, हे खरे; पण सरपंचाला तोंडावर हिशेब विचारण्याची एक जागा गावकऱ्याला मिळाली. दुसऱ्या दुरुस्तीने शहरांना बाराव्या अनुसूचीतील १८ विषय दिले आणि तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या नेमण्यास सांगितले. शहरातल्या मतदाराला मात्र ग्रामसभेसारखी जागा त्या दुरुस्तीने दिली नाही. प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांच्यासोबत सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. त्या जागा कशा भरल्या जातात, हे प्रत्येक शहरातील जाणकारांना ठाऊक आहे.

ही उणीव पुढे सरकारच्याही ध्यानात आली. २००५च्या डिसेंबरमध्ये केंद्राने शहरांच्या नूतनीकरणाचे राष्ट्रीय अभियान आरंभले. निधी हवा असेल, तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट त्यात होती. केंद्राने त्यासाठी नगरराज विधेयकाचा नमुनाही दिला. मतदान केंद्राच्या पातळीवरील मतदारांची क्षेत्रसभा भरावी, तिने कामांचा अग्रक्रम ठरवावा, दिवे, नळकोंडाळी व स्वच्छतागृहांच्या जागा सुचवाव्यात, पाणीपुरवठ्यातील उणिवा दाखवाव्यात, योजनांच्या पात्र लाभार्थ्यांची नावे सांगावीत, अशी ती कल्पना होती. महाराष्ट्राने २००९ साली महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. निधी आला, उड्डाणपूल झाले, बसगाड्या आल्या. क्षेत्रसभा मात्र कागदावर राहिली. आज राज्यातील बहुसंख्य शहरी मतदारांनी हा शब्दही ऐकलेला नाही, यापेक्षा त्या कायद्याची अधिक कठोर समीक्षा कोणती असू शकते?

पुण्यात काही वर्षांपासून क्षेत्रीय कार्यालयांत मोहल्ला समितीच्या बैठका होत आल्या आहेत. तेथे येणारे चार-दोन जागरूक नागरिक ज्या चिकाटीने प्रश्न लावून धरतात, ती चिकाटी वंदनीय आहे. परंतु अशा बैठकीच्या मागे कायद्याचे बळ नाही. अधिकारी बदलला की रीत बदलते.

हिशेब न देणाऱ्यास मज्जाव

नगराचा कारभार नगरवासीयांनी पाहावा, ही कल्पना १८८२ साली लॉर्ड रिपनच्या ठरावाबरोबर या देशात आली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. इतिहास त्याहून जुना आहे. तमिळनाडूतील कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर येथे मंदिराच्या भिंतीवर परांतक चोलाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेख आहेत. गावाचे ३० विभाग, प्रत्येक विभागातून घटातील चिठ्ठी काढून निवडलेला प्रतिनिधी, तलावासाठी वेगळी समिती, उद्यानांसाठी वेगळी समिती, असा तपशील त्यांत कोरला आहे. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, त्याला आणि त्याच्या निकटच्या नातलगांनाही निवडीतून वगळावे, असा नियम त्या भिंतीवर आहे. त्या सभेत सर्वांना स्थान नव्हते, ही त्या काळाची मर्यादा होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण हिशेबाचा तो नियम आजच्या नगरपालिकेच्या प्रवेशद्वारावर कोरण्याजोगा आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास एक-अष्टमांश पण आणि रस्त्यावर चिखलपाणी साचविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. राजमार्गावर हाच अपराध घडला, तर दंड दुप्पट. नियम शासनावर आहेत तसे नागरिकावरही आहेत, ही जाण त्या व्यवस्थेत होती.

अलीकडच्या काळातील उदाहरणे तर घरचीच आहेत. महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेच्या पैशातून खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, अशी भूमिका घेतली. ज्या काळात सदस्य सरकारच्या मर्जीने नेमले जात, त्या काळात सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागतखर्चाला विरोध करणे सोपे नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सरदार वल्लभभाई पटेल १९१७ साली अहमदाबाद नगरपालिकेत निवडून गेले आणि १९२४ ते १९२८ या काळात अध्यक्ष राहिले. संस्थाने विलीन करणाऱ्या त्या लोहपुरुषाने आधी गटारांचा आणि पाण्याचा कारभार सांभाळला होता. राष्ट्रकार्याची वाट गल्लीतून जाते, याचा याहून मोठा दाखला नाही.

वस्ती बोलली तेव्हा

नागरिक बोलून काही होत नाही, ही निराशा मध्यमवर्गात खोलवर रुजली आहे. ती अनाठायी नसली, तरी पूर्ण सत्यही नाही. १९९७ साली पुण्याच्या हद्दीत आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी राखण्याचा विचार पुढे आला. टेकड्यांवर बांधकामास मुभा हवी, असा दबाव मोठा होता. पहाटे टेकडीवर फिरायला जाणारी माणसे, पर्यावरणाचे अभ्यासक आणि शाळा-महाविद्यालयांतील मुले यांनी वर्षानुवर्षे हा विषय तेवत ठेवला. अखेर २०१५ साली राज्य सरकारने हे आरक्षण कायम केले. जमीन ताब्यात घेण्याचे काम त्यानंतरही रेंगाळले, हे दुःख वेगळे. पण आरक्षण टिकले ते लोकांमुळे.

त्याच वर्षी मुंबईत याहून नाट्यमय घटना घडली. फेब्रुवारी २०१५मध्ये महापालिकेने २०३४पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. उभ्या इमारतींवरून रस्ते आखलेले, वारसा वास्तूंची नोंद सुटलेली, असे दोष नागरिकांनी नकाशे पसरून एकेक करून दाखविले. हरकती व सूचनांसाठी ६० दिवसांची मुदत होती. त्या दिवसांत हजारो हरकती गेल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्तीचे आदेश दिले. सुधारित मसुदा मे २०१६मध्ये आला आणि २०१८ साली मंजूर झाला. सरकारने चूक मान्य करण्यात कमीपणा मानला नाही आणि नागरिकांनी केवळ घोषणा न देता नकाशा वाचला, या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणून हे घडले.

या दोन्ही उदाहरणांत यशाचे सूत्र समान आहे. तक्रार एकट्याची राहिली नाही, आणि तिच्यामागे अभ्यास होता. 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी वृत्तपत्राच्या आतील पानावरची बारीक अक्षरांतील सूचना कुणीतरी वाचली, चार जणांना दाखविली आणि मुदतीत अर्ज दिला.

आपली माणसे आणि आपला प्रश्न

राज्यातील मुंबई-पुण्यासह अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात गेले आणि जवळपास चार वर्षे शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नागरिकाला प्रश्न घेऊन जायला नगरसेवक नव्हता. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. प्रतिनिधी परत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ सदस्य निवडले गेले. एका प्रभागात बहुधा चार नगरसेवक आणि, २०११च्या जनगणनेचा आकडा धरला तरी, सरासरी ऐंशी हजारांहून अधिक लोक. चौघे एकमेकांकडे बोट दाखवतील, तर नागरिकाने जायचे कुणाकडे? प्रभाग मोठा झाला की क्षेत्रसभेची गरज वाढते, हे साधे गणित आहे.

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अनेक शहरांत राष्ट्रीय विचारांची माणसे निवडून आली आहेत. त्यांच्यासाठी घरोघरी स्लिपा वाटणारे, मतदानाच्या दिवशी सकाळपासून बूथवर उभे राहणारे कार्यकर्ते याच वस्त्यांत राहतात. गटार तुंबले, तर तक्रार आता कुणाविरुद्ध करायची, असा संकोच त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. 'आपल्याच माणसाला अडचणीत कसे आणायचे' हे वाक्य पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. पण त्या संकोचाची किंमत कोण मोजतो? चौथ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा वाहून नेणारी भगिनी मोजते. जो प्रश्न विरोधक सत्तेत असताना मोर्चा काढण्याइतका मोठा होता, तो स्वकीय सत्तेत येताच फोनवर सांगण्याइतका लहान होत असेल, तर समाज त्या कार्यकर्त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहील? संघटन समाजाचे असते. सत्ता त्या समाजाची सेवक असते. आपल्या माणसाला सर्वांसमोर हिशेब देण्यास उभे करणे हा त्याचा अवमान नाही. त्याला चुकण्यापासून वाचविण्याचा तोच मार्ग आहे.

क्षेत्रसभेची मागणी म्हणूनच विरोधकांवर सोपविता येणार नाही. ती सर्वप्रथम ज्यांची माणसे सत्तेत आहेत, त्यांनी केली पाहिजे. 'आमच्या प्रभागाची क्षेत्रसभा केव्हा भरणार?' असे एका ओळीचे पत्र, खाली शंभर सह्या आणि आवक विभागाची पोच, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.

सभेत कोण बसेल?

सभा भरली, तर तिच्यात केवळ गृहनिर्माण संस्थांचे सचिव बसणार नाहीत. नाल्याकाठच्या वस्तीतील माणसे येतील, पदपथावर भाजी विकणारी बाई येईल. मध्यमवर्गीय तक्रारीचा एक ठरलेला सूर असतो: फेरीवाले हटवा, झोपड्या हटवा. संध्याकाळी त्याच फेरीवाल्याकडून जुडीमागे दोन रुपये कमी करून घ्यायचे आणि सकाळी त्याच्याविरुद्ध अर्ज द्यायचा, हा विरोधाभास क्वचितच कुणाच्या ध्यानात येतो. पथविक्रेत्यांच्या २०१४च्या केंद्रीय कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, त्यालाही बसायला जागा द्यावी, हे तत्त्व त्यामागे आहे. पदपथ चालणाऱ्याचा आहे आणि पोट विकणाऱ्याचेही आहे. मार्ग दोघांनी समोरासमोर बसून काढायचा आहे. समरसता व्याख्यानातून कळते, पण ती मुरते अशा बैठकीत.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने २०२५पासून पंच परिवर्तनाचा विषय घराघरांत पोहोचविला जात आहे. त्यात नागरिक कर्तव्य हा एक पैलू आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणे, वाहन नेमून दिलेल्या जागी लावणे, कर वेळेत भरणे, नळ वाहता न सोडणे, हे कर्तव्य तर आहेच. जो नागरिक हे पाळतो, त्याच्याच तक्रारीला नैतिक वजन येते. पण नगराच्या कारभारात लक्ष घालणे, अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी काय ठरले ते पाहणे, सूचनेची मुदत न चुकविणे आणि सभेत उठून विचारणे हेही त्याच कर्तव्याचे भाग आहेत. एका शाखेच्या किंवा एका मंडळाच्या परिसरात दोघा-तिघांनी जरी हे काम वाटून घेतले, एकाने अंदाजपत्रक वाचायचे, एकाने वृत्तपत्रातील सूचना पाहायच्या, एका भगिनीने पाण्याच्या वेळांची महिनाभर नोंद ठेवायची, तर क्षेत्रीय अधिकाऱ्यापुढे त्या वस्तीचे म्हणणे वेगळ्याच ताकदीने जाईल.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारीही त्या बाकावर निवृत्त शिक्षक असतील. त्यांच्या फाईलमध्ये नव्या अर्जाची भर पडलेली असेल. त्यांनी एकट्याने तिथे बसून राहायचे की त्यांच्या गल्लीने, पलीकडच्या वस्तीने आणि त्या सर्वांनी निवडून दिलेल्या नगरसेवकाने एका सतरंजीवर त्यांच्यासोबत बसायचे, हे ठरविण्याचा अधिकार २००९ पासून कायद्याने दिलेला आहे. सतरंजी अंथरण्याचे काम तेवढे बाकी आहे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.